डेकचं तिकीट

गेल्या महिन्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. "बाबा, येत्या डिसेंबरात तुमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. दादा आणि मी मिळून तुम्हा दोघांना क्रूझवर पाठवणार आहोत. कंपनी तुम्हीच निवडा, म्हणजे नंतर तक्रार नको." दुसऱ्या दिवशी नातवानं मोबाईलवर सात-आठ माहितीपत्रकं धाडली. सगळ्यांवर निळं पाणी, पांढरी बोट आणि हातात सरबताचा पेला घेतलेलं एक हसरं जोडपं. जोडपं आमच्यापेक्षा किमान तीस वर्षांनी लहान.

परभणीच्या माणसाला बोट निवडायला सांगणं म्हणजे कोळ्याला ज्वारीचं बी निवडायला सांगण्यासारखं आहे. आमचं पाणी ते किती? गंगाखेडची गंगा (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), जायकवाडीचा डावा कालवा आणि उन्हाळ्यात टँकर. समुद्र इथून इतका लांब की आमच्या वर्गातली निम्मी मुलं 'भरती-ओहोटी' हा धडा केवळ विश्वासावर पाठ करायची. मी शिकवायचोही विश्वासावरच. १९७७ पर्यंत मी समुद्र पाहिलेला नव्हता.

माहितीपत्रकं वाचायला घेतली आणि जन्माची खोड आड आली. इतिहास शिकवलेला माणूस; कोणती बोट घ्यावी हे ठरवण्याआधी आपली माणसं पूर्वी बोट कशी निवडायची हे पाहावंसं वाटलं. आणि ते पाहता पाहता स्वतःचीच एक जुनी निवड समोर येऊन बसली. तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

आपल्याकडे पहिली निवड बोटीची नव्हतीच, जायचं की नाही याचीच होती. समुद्र ओलांडला की जात गेली, परत आल्यावर प्रायश्चित्त घ्या, अशी ती रीत. अशा काळात १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरल्या. नवरा बरोबर नाही, घरचं माणूस कोणी नाही. जवळजवळ दोन महिने पाण्यावर. आज मी 'शाकाहारी जेवणाची सोय आहे ना' हे चारदा विचारतो तेव्हा मला त्यांची आठवण होते आणि थोडी लाजही वाटते.

त्या काळात बोट निवडण्याचं कारण हौस नव्हे, काम असे. आंबेडकरांना शिकायचं होतं. ते १९१७ साली विलायतेहून परतले तेव्हा त्यांचं सामान 'साल्सेट' नावाच्या दुसऱ्या बोटीनं येत होतं. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्या जुलैत जर्मन पाणतीरानं साल्सेट बुडवली आणि त्यांची पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. माणूस एका बोटीत, पुस्तकं दुसऱ्या बोटीत. वाचणाऱ्या माणसाला यातलं दुःख वेगळं समजावून सांगावं लागत नाही. (यातून मी घेतलेला धडा अगदीच लहान आहे. गोळ्या-औषधं आणि चष्मा मोठ्या बॅगेत टाकायचे नाहीत, हातातल्या पिशवीत ठेवायचे.)

गांधीजी १९३१ च्या ऑगस्टअखेर गोलमेज परिषदेला 'राजपुताना' बोटीनं गेले, ते सेकंड क्लासनं. बरोबरच्या मंडळींनी गोळा केलेलं भारंभार सामान पाहून ते रागावले आणि जादा सामान एडनहून परत पाठवायला लावलं. क्रूझच्या माहितीपत्रकात 'ड्रेस कोड' नावाचं एक पान आहे. एका संध्याकाळी सूट, एका संध्याकाळी पांढरे कपडे वगैरे. ते वाचताना मला एडनच्या त्या बॅगा दिसल्या.

आता 'कंपनी कोणती' हा प्रश्न. आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही होता, आणि तो नुसता पैशांचा नव्हता. मुंबई ते कोकण-गोवा ही वाहतूक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आगबोटींवर होऊ लागली. ती मुख्यतः शेफर्ड आणि पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन यांच्या हातात होती. १९०६ साली, ऐन स्वदेशीच्या दिवसांत, देशी मंडळींनी भागभांडवल जमवून सहकारी बोट कंपनी काढली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, लोकांच्या तोंडी मात्र एकच नाव बसलं : 'माझी आगबोट कंपनी'. काय सुंदर नाव आहे! जाहिरातीवर लाखो रुपये खर्चणाऱ्या आजच्या एकाही कंपनीला असं नाव सुचलेलं नाही. त्यांनी बोटींना नावंही ओळखीची दिली. तुकाराम, रामदास, सेंट झेवियर. वारकरी असो की गोव्याचा ख्रिस्ती, आपलं कुणीतरी त्या बोटीवर आहे असं त्याला वाटावं. त्याच साली तिकडे तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळे यांनी स्वदेशी बोट कंपनी काढली. तेव्हा इंग्रज कंपनीनं तिला मोडण्यासाठी भाडं पार खाली आणलं. स्वस्त तिकीट कधी कधी कुणाला तरी बुडवण्यासाठी असतं, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं.

पण 'माझी' म्हटल्यानं बोट तरंगत नाही. १९२७ च्या नोव्हेंबरात याच कंपनीच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' एकाच दिवशी वादळात गेल्या. आणि १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आलेलं असताना, 'रामदास' गेली. आषाढी अमावास्येचा दिवस. माणसं सणाला रेवसमार्गे घरी निघाली होती. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली, आणि मुंबई अजून नजरेच्या टप्प्यात असतानाच पावसाळी समुद्रात लाटांनी तिला घेरलं. पाणी आत आलं तशी घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, बोट कलली आणि काही मिनिटांत उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बातमी मुंबईत पोचायला संध्याकाळ झाली. हाकेच्या अंतरावर, आणि दिवसभर कुणाला पत्ता नाही!

नोकरीत आमच्याबरोबर रायगडकडचे एक शिक्षक होते. त्यांची आजी रामदासवर होती. दर अमावास्येला गटारीच्या गप्पा रंगल्या की ते उठून बाहेर जात. आम्हाला कितीतरी वर्षं त्याचं कारण माहीत नव्हतं.

म्हणून माझ्या यादीत पहिला प्रश्न हा आहे : काही झालं तर काय करायचं, हे ही कंपनी प्रवाशांना नीट सांगते का? टायटॅनिक १९१२ साली बुडाली, त्यानंतर १९१४ साली बोटींच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पण नियम कागदावर आणि माणसं गाफील, हे चालूच राहिलं. २०१२ च्या जानेवारीत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही प्रचंड क्रूझ बोट इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून कलली, ३२ जण दगावले. त्या दिवशी बोटीवर चढलेल्या कित्येक प्रवाशांची सुरक्षेची कवायत झालेलीच नव्हती, कारण चोवीस तासांत कधीही घेतली तरी चालत असे. आता ती बोट सुटण्याआधीच घ्यावी लागते. तेव्हा मंडळी, बोटीवर भोंगा वाजला आणि जमायला सांगितलं की खोलीत लोळत पडू नका. आपला जमण्याचा ठिपका कोणता, जॅकेट कुठे आहे, हे आधी पाहा. चहा नंतर.

दुसरी निवड वर्गाची. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या बोटींवर पैसेवाल्यांची निवड फार बारकाईची असे. लाल समुद्रातल्या उकाड्यात कोणत्या बाजूच्या केबिनला ऊन कमी लागेल हे पाहून ते जागा धरत. इंग्रजीतला 'पॉश' हा शब्द त्यावरूनच आला अशी एक गोष्ट सांगतात. कोशकारांना तिचा पुरावा सापडलेला नाही. मी मात्र ही गोष्ट वर्गात तीस वर्षं खरी म्हणून सांगितली. जुन्या विद्यार्थ्यांची इथेच क्षमा मागतो.

बोटीच्या खिडकीची महाराष्ट्रातली सगळ्यात प्रसिद्ध कथा मात्र पूर्ण खरी आहे. ८ जुलै १९१० ला मार्सेलिसच्या बंदरात सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या शौचकुपाच्या गोल खिडकीतून समुद्रात उडी घेतली. बायकोला मी म्हणालो, खिडकीवाली खोली घेऊ या. ती म्हणाली, "तुमच्या पोटाकडे बघता उडीची काळजी नाही."

आणि डेक. पी. अँड ओ.च्या बोटींवर साहेब होते. आपल्या बहुतेक लोकांचा समुद्रप्रवास डेकवर झाला. आमच्या परभणीचीही माणसं त्यात होती. आमच्या शाळेतल्या उर्दूच्या सरांचे वडील निजामाचं राज्य गेल्यानंतरच्या वर्षांत मुंबईहून मोगल लाईनच्या बोटीनं हजला गेले. परभणीहून रेल्वेनं मनमाड, तिथून मुंबई, मुसाफिरखान्यात मुक्काम, मग आठवड्याहून अधिक पाण्यावर. डेकचं तिकीट. बरोबर तांदूळ, पीठ, स्टोव्ह आणि घडी घालून ठेवलेलं कफन. जाताना सगळा मोहल्ला स्टेशनावर निरोपाला. मुंबईहून हजला बोटीनं जाणं १९९५ साली बंद झालं. सर म्हणायचे, "अब्बांना मक्केएवढीच बोटीची आठवण होती. डेकवर सगळे सारखे होते."

ही मोगल लाईन १८७७ सालची. आणि पुढे कोकण-गोव्याच्या बोटीही काही वर्षं तिच्याच हातात होत्या. आधी चौगुले स्टीमशिप्स आणि नंतर मोगल लाईन. बोटींची नावं 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती'. इथे माझी गोष्ट सुरू होते.

१९७७ ची दिवाळीची सुट्टी. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. मी नवा शिक्षक, मराठवाडा विद्यापीठाचा बी.ए., पगार बेताचा, त्यातला निम्मा घरी. शाळेतल्या चार शिक्षकांनी बायकांसह गोवा पाहायचं ठरवलं. मीटरगेजनं मनमाड, तिथून मुंबई, भाऊचा धक्का. तिकिटाच्या खिडकीपाशी माझ्या दोन सहकाऱ्यांनी बायकांसाठी केबिन घेतल्या. मी खिशात हात घातला, पैसे मोजले आणि डेक घेतला. पैसे अगदीच नव्हते असं नाही. केबिनपुरते होते. पण परतल्यावर एक सायकल घ्यायची होती, शाळा चार मैलांवर होती. मी हिला विचारलं नाही. 'रात्रीचा तर प्रश्न आहे,' असं म्हणालो.

दुपारपर्यंत मजा होती. वळकटी पसरली, चिवडा काढला. उजवीकडे नुसतं पाणी, डावीकडे कोकणचा किनारा. संध्याकाळी वारा वाढला आणि हिला बोट लागली. रात्रभर उलट्या. मी हातात तांब्या घेऊन नुसता उभा. खाली इंजिनाची धडधड, डिझेलचा वास, माणसाला माणूस लागून झोपलेलं. तेव्हा मालवणकडच्या एका बाईनं आपली चटई सरकवली, हिला आपल्याजवळ आडवं केलं आणि चघळायला आमसूल दिलं. "मधी नीज गो, मधी कमी हलता," असं काहीसं ती म्हणाली. मध्यरात्री कुठल्याशा बंदरावर बोट थांबली. धक्का नव्हताच. अंधारातून कंदील लावलेले पडाव आले आणि माणसं, पोरं, ट्रंका, कोंबड्या खालच्या हलत्या पडावात उतरल्या. ती बाईही तिथेच उतरली. नाव विचारायचं राहून गेलं.

सकाळी मांडवी नदीच्या मुखातून बोट पणजीला लागली. सहकाऱ्यांच्या बायका केबिनमधून वेण्या घालून बाहेर आल्या. ही पांढरीफटक. कुणी काही बोललं नाही. हिनं तर पन्नास वर्षांत त्याचा एकदाही उच्चार केला नाही. सायकल आली. तिच्यावरून मी अकरा वर्षं शाळेत गेलो.

त्या बोटी १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडल्या. नव्वदच्या दशकात दमानियांची वेगवान कॅटामरान आली नि गेली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि बोटीची गरजच संपली असं सगळ्यांनी धरून चाललं. नॉर्वेत मात्र १८९३ साली सुरू झालेली किनाऱ्याची टपालबोट आजही बर्गेनपासून कर्केनेसपर्यंत बंदरं घेत जाते. गावकरी, सामान आणि जगभरचे हौशी प्रवासी एकाच बोटीवर. आपणही हे करू शकलो असतो, असं वाटत राहतं. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवीत. तीही फार काळ चालली नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' निघू लागली. ही बोट १९९० सालची, आधी अमेरिकेत रॉयल कॅरिबियनकडे होती. आणि २०२५ च्या सप्टेंबरात बॅलार्ड पिअरला नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. ज्या बॅलार्ड पिअरहून पूर्वी विलायतेच्या बोटीतून उतरलेले साहेब थेट फ्रंटियर मेलमध्ये बसायचे, तिथेच.

हौसेसाठी बोटीत बसणं ही तशी अलीकडची गोष्ट. १८४४ साली पी. अँड ओ.नं थॅकरे या कादंबरीकाराला भूमध्य समुद्रात फिरवून आणलं, ते जाहिरातीसाठीच. खरा बदल झाला तो विमानामुळे. जेट आल्यावर पोचण्यासाठी बोटीची गरज उरली नाही, तेव्हा कंपन्यांनी पोचणं सोडलं आणि फिरणं विकायला घेतलं. म्हणून आज बोटीपेक्षा बोटीवरची माणसं निवडावी लागतात. माझ्या वयाच्या वाचकांसाठी माझं टिपण थोडक्यात देतो.

वय : विलायतेत 'सागा' नावाची कंपनी आहे, ती पन्नाशीपुढच्यांसाठीच बोटी चालवते. हॉलंड अमेरिकेवर वयस्कांचा भरणा असतो असं म्हणतात. डिस्नेवर पोरंटोरं. नातवंडं बरोबर असतील तर मोठी बोट बरी, पण मोठी म्हणजे किती? २०२४ साली आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर गच्च भरल्यावर साडेसात हजारांच्या आसपास प्रवासी मावतात. आमच्या आजूबाजूच्या कित्येक गावांची लोकसंख्या त्याहून कमी आहे. गुडघे दुखत असतील तर एवढं चालणं झेपेल का, हे स्वतःला विचारा. बंदराला धक्का आहे की लहान होडीत उतरावं लागतं, हे कंपनीला विचारा. पडाव अजून संपलेले नाहीत, फक्त त्यांचं नाव बदललं आहे.

पैसा : छापलेला दर माणशी असतो, आणि तोही एका खोलीत दोघं धरून. त्यावर बंदराचे आकार, कर, टिप, किनाऱ्यावरच्या सहली, परदेश असेल तर व्हिसा आणि विमा. विमा वाचवू नका. २०२० च्या फेब्रुवारीत जपानमध्ये 'डायमंड प्रिन्सेस' अडकली. ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना कोरोना झाला, आणि बिनखिडकीच्या खोल्यांतली माणसं दिवसचे दिवस चार भिंतींत कोंडली गेली. खिडकी ही चैन नव्हे, हे तेव्हा जगाला कळलं.

जागा : वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या खोल्या सगळ्यात महाग. पण बोट जितकी वर आणि जितकी टोकाला, तितकी जास्त हलते. खालच्या मजल्यावर, बरोबर मध्ये, सगळ्यात कमी. जाणकारांचे लेख वाचताना हे वाक्य आलं आणि मी थांबलो. हे तर त्या मालवणकडच्या बाईनं मला फुकट सांगितलं होतं!

गेल्या रविवारी लेकीनं विचारलं, "ठरलं का बाबा?" मी सगळं टिपण तयार ठेवलं होतं. पण या वेळी फोन हिच्या हातात दिला. ही म्हणाली, "लांब नको. मुंबईहून गोवाच. खोली मधली, खालची, खिडकीवाली. उजव्या अंगाची." उजव्या अंगाची का, तर गोव्याला जाताना सूर्य त्या बाजूला बुडतो. तिला आठवत होतं. फोन ठेवल्यावर मी धीर करून म्हणालो, "त्या वेळी केबिनचे पैसे होते माझ्याजवळ."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही मोजत होतात तेव्हा मी मागंच उभी होते."

पन्नास वर्षं! मी इतिहास शिकवत राहिलो आणि साक्षीदार घरातच होता.

आमसूल बांधून घ्यायचं आहे. मोंढ्यात चांगलं मिळत नाही. कोकणातलं कुणी हे वाचत असेल तर कळवा.